धुराडे : स्वयंपाकघराच्या इतिहासातील एक उपेक्षित पान

८ मे २०२५ च्या रात्री आपल्यापैकी अनेकांच्या घरी दूरदर्शन संचासमोर सारे कुटुंब बसले होते आणि सर्वांची दृष्टी एका साध्या नळकांड्यावर खिळली होती. सिस्टाईन चॅपेलच्या छपरावरील त्या नळकांड्यातून पांढरा धूर निघाला आणि नवे परमगुरू लाभल्याची वार्ता जगाला कळली. हे धुराडे कायमचे नसते. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ते नव्याने उभारले जाते. ज्या ओतीव लोखंडी शेगडीत मतपत्रिका जाळल्या जातात ती प्रथम १९३९ साली वापरण्यात आली. २००५ साली तिच्या जोडीला धुराला रंग देणारी दुसरी शेगडी आली. परंतु त्याच वर्षी धूर वर न जाता उलटला आणि कार्डिनलांच्या सभेतच पसरला, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक असेल. मायकेल अँजेलोच्या चित्रांखालीही धूर आपला धर्म सोडत नाही! वर जाण्यास वाट व ऊब मिळाली तर तो जातो, नाहीतर माघारी फिरतो. म्हणूनच तेथे नळकांडे आधी विजेने तापवून घेण्याची व्यवस्था केलेली असते.

धुराड्याचे सारे शास्त्र एवढ्यात आले. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या मागोमाग चुलीच्या तोंडातून नवी हवा आत ओढली जाते. नळ जितका उंच व आतून जितका गरम, तितकी ही ओढ अधिक. नळ फार रुंद असेल तर धूर वाटेतच थंडावतो, फार अरुंद असेल तर कोंडतो. धूर नुसता बाहेर सोडायचा नसतो, त्याला ओढून न्यावा लागतो, ही गोष्ट माणसाच्या ध्यानी यायला फार काळ गेला.

युरोपातही ती फार उशिरा रुजली. तेथील सामान्य माणूस शतकानुशतके घराच्या मध्यभागी आग पेटवीत असे आणि छपराच्या फटीतून धूर जाईल तेवढा जाऊ देत असे. नवव्या शतकात रेखाटलेल्या सेंट गॉल मठाच्या प्रसिद्ध आराखड्यात काही खोल्यांच्या कोपऱ्यांत शेगड्या दाखविल्या आहेत. मठवासीयांसाठी ऊब घेण्याची एक वेगळी खोली असे आणि कित्येक मठांत हिवाळ्यात तेवढीच एक खोली उबदार राही. भिंतीत बांधलेले उंच धुराडे सामान्यांच्या घरी पोहोचले ते सोळाव्या शतकाच्या सुमारास. तेही पुष्कळ वेळा धूर खोलीतच ओकत असे. अखेर १७९६ साली काउंट रमफर्ड यांनी शेगडीची खोली कमी करून व धुराड्याचा गळा अरुंद करून हे दुखणे बरेचसे आटोक्यात आणले. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत भिंतीतल्या ज्या शेगड्या दिसतात, त्या याच परंपरेतल्या.

खानदेशातील आपल्या धाब्याच्या घरांत मात्र शेगडी नव्हती, चूल होती. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या यांवर पेटणारी, शेजारी वैल असलेली, रोज पोतेऱ्याने सारवलेली ती चूल. धाब्यात ठेवलेले एखादे भोक हेच तिचे धुराडे. धुरामुळे छपरातील लाकडाला कीड लागत नाही, असे जुनी माणसे म्हणत आणि त्यात तथ्यही होते. पण लाकूड राखले गेले ते कोणाच्या डोळ्यांच्या आणि छातीच्या मोलाने, हा प्रश्न पुरुषांच्या ओसरीवर क्वचितच निघाला. आपल्या आयांनी तो फुंकणीच्या आवाजात गिळून टाकला.

हा प्रश्न देशापुढे मांडणारी चळवळ एकदा आमच्या यावल तालुक्यात येऊन गेली आहे, ही गोष्ट येथील नव्या पिढीने विसरू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून अधिवेशननगरी सजविली होती. तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी २५ डिसेंबरला, म्हणजे नेमके नाताळच्या दिवशी केले. ग्रामोद्योगाच्या या कार्यामागे जी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ नावाची संस्था उभी होती तिचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे हे ख्रिस्ती गृहस्थ आपल्या पंथाचे नव्हते, पण प्रभू येशूच्या आचारविचारांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि खेड्यातील तेल, कागद, गूळ यांच्या हिशेबातही त्यांना तोच प्रभू दिसत असे. आमच्या मते त्यांच्याकडे आपल्या लोकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही.

या संघाचे केंद्र वर्धा येथील मगनवाडीत होते. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेला हे नाव मिळाले आणि पुढे तेथे घडलेली बिनधुराची चूलही ‘मगन चूल’ याच नावाने ओळखली गेली. माती, विटा, एकाच जाळावर एकामागून एक भांडी आणि शेवटी उभा नळ, असे तिचे साधे रूप. हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी याच दिशेने काम करून लक्षावधी बिनधुराच्या स्वयंपाकघरांचे स्वप्न मांडणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. १९५३ साली ते प्रसिद्ध केले मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने. धर्मग्रंथ छापणाऱ्या संस्थेने चुलीवरचे पुस्तक काढावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही.

धुराने डोळे चुरचुरतात एवढेच तोवर लोक धरून चालले होते. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदय थकण्याचा जो आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जाई, तो धूम्रपान फारसे न करणाऱ्या स्त्रियांतही तेवढाच आढळत होता. संशयाचे बोट पुढे चुलीकडेच वळले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातही स्वयंपाकाच्या धुराने आजारी पडणाऱ्या गरिबांचा उल्लेख आहे.

१९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ पर्यंत तो चालला आणि कागदोपत्री तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने चुलींचे नमुने सुधारले, गवंडी व कुंभार यांना तयार केले. तरीही पुष्कळ घरांतून या चुली एक-दोन वर्षांत नाहीशा झाल्या. चुलीचे तोंड तिच्यापुढे बसणाऱ्या बाईला न विचारता ठरले, तिची भांडी भोकांत बसेनात, नळात काजळी साचली तरी तो कसा साफ करावा हे कोणी शिकविले नाही. मोजदाद झाली ती बसविलेल्या चुलींची, पेटत्या चुलींची नव्हे. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासातही हेच दिसले. नळाच्या चुलींमुळे पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे देखभालीअभावी तो लाभ ओसरला.

१ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी नेला ही मोठीच गोष्ट. पण सिलिंडर कोपऱ्यात आणि भाकरी, भरीत व अंघोळीचे पाणी चुलीवर, असे घर कोणत्याही वस्तीत दिसेल. अशा घरी नळ बसवायचा असेल तर चूल बाहेरच्या भिंतीलगत घ्यावी. नळ शक्यतो सरळ उभा असावा, आडवा भाग जितका लांब तितकी काजळी साचते. पत्र्याचा एकेरी नळ लाकडी तुळई वा वाशापासून दीड फूट दूर ठेवावा. शाकारलेल्या छपरातून तो कधीच काढू नये, मातीच्या भिंतीतून बाहेर काढून वळचणीपासून लांब उभा करावा. छपराच्या वर निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून दोन फूट अधिक, इतका तो चढला पाहिजे, नाहीतर वारा धूर परत ढकलतो. जुने ॲस्बेस्टॉसचे नळ कापू-फोडू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. तळाशी काजळी काढण्यासाठी लहानसे तोंड आणि माथ्यावर पावसाची टोपी हवीच. ओल्या लाकडाने नळात डांबरासारखा थर धरतो आणि तोच पुढे पेट घेतो. म्हणून सरपण उन्हात वाळवावे व नळ महिन्याकाठी झाडावा. चूल पेटविण्याआधी नळाच्या मुखाशी कागदाचा बोळा जाळला की थंड नळ तापतो आणि ओढ लागते. खिडकी मात्र थोडी उघडीच असावी. वर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा आली नाही, तर चांगले धुराडेही उलटते. पौषातल्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन, दारे लावून झोपण्याची सवय तर पूर्ण सोडून द्यावी. निखाऱ्याला धूर नसतो, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही.