तीन चोक बारा होत नाहीत : घरच्या संगणकाच्या वेगाचा इतिहास

 

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे मास्तर सकाळी सकाळी दोन कागद घेऊन आले. मास्तर तंजावरी मराठी. निवृत्त शिक्षक. घरात पणजोबांच्या काळापासूनची मोडी कागदांची दप्तरं आहेत : हिशेब, पत्रं, वतनाचे कागद. कागद हातात घेतला की कडा गळतात. पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्यांची छायाचित्रं संगणकावर उतरवायची, असं त्यांनी मनावर घेतलं आहे. त्यासाठी मुदत ठेव मोडायलाही ते तयार होते. हातातले दोन कागद म्हणजे दुकानदारांनी दिलेले भाव.

"कर्नलसाहेब, हा बघा. चार कोर, प्रत्येक तीन गिगाहर्ट्झ. दुकानदार म्हणतो, तीन चोक बारा. बारा गिगाहर्ट्झचा संगणक! आणि हा दुसरा आठ कोरचा, म्हणजे चोवीस. दुप्पट पैसे द्यावेत का?"

मी म्हटलं, "मास्तर, बसा. पाढा बरोबर आहे, हिशेब चूक आहे." ती चूक कळायला थोडा इतिहास लागतो. आजचा भाग त्याच इतिहासाचा.

प्रोसेसरच्या आत एक ठोका असतो, कवायतीच्या मैदानावरच्या ढोलासारखा. ठोका पडला की पाऊल पुढे. एका सेकंदात किती ठोके, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. 1971 साली आलेल्या 4004 या इंटेलच्या पहिल्या प्रोसेसर चिपचे ठोके सेकंदाला सुमारे साडेसात लाख होते. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये ते 47 लाखांच्या पुढे गेले. 1993 च्या पेंटियममध्ये 6 कोटी. मार्च 2000 मध्ये एएमडी आणि इंटेल या दोन्ही कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने 100 कोटींचा, म्हणजे एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. त्या काळात दुकानात एकच प्रश्न विचारला जायचा : किती मेगाहर्ट्झ? मोठा आकडा म्हणजे चांगला संगणक, ही समजूत तेव्हापासून आपल्या डोक्यात घट्ट बसली.

ही दौड शक्य झाली त्याला कारण होतं. 1974 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं, तर त्याला लागणारा दाबही, म्हणजे व्होल्टेजही, कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात, ठोका जलद होतो आणि उष्णता मात्र वाढत नाही. तीस वर्षं हे वरदान चाललं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज पाझरू लागली. दाब आणखी उतरवता येईना. दाब तोच आणि ठोका जास्त, म्हणजे चिप तापणारच.

2004 साल या इतिहासातलं पानिपत म्हणावं असं आहे. पेंटियम 4 त्या वर्षी 3.8 गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि थांबला. 4 गिगाहर्ट्झची चिप इंटेलने जाहीर केली होती, ती ऑक्टोबरमध्ये रद्द केली. त्याआधी मे महिन्यात पुढच्या पिढीचा तेजस नावाचा प्रकल्पही गुंडाळला होता. जगातली सगळ्यात मोठी चिप कंपनी उष्णतेपुढे मागे फिरली.

त्याच सुमारास मी पहिला संगणक घेतला. तीन गिगाहर्ट्झच्या वरचा. पगाराची शिल्लक त्यात गेली. चालू केला की पंखा असा घोंघावायचा, जणू तंबूशेजारी जनरेटर लावलाय. दोन वर्षांनी पुतण्याने 1.86 गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ घेतला. माझ्या निम्म्याहून थोडा वर. तरी त्याचा संगणक माझ्यापेक्षा पटापट चालायचा, तोही आवाज न करता. मला वाटलं, आपण फसलो. खरं तर मला कोणी फसवलं नव्हतं; मी आकडा विकत घेतला होता, काम विकत घेतलं नव्हतं. पेंटियम 4 चा ठोका जलद होता, पण प्रत्येक ठोक्याला होणारं काम कमी होतं. छोटी पावलं टाकत पळणारा आणि लांब ढांगा टाकत चालणारा, यात पुढे कोण जाईल ते नुसती पावलं मोजून सांगता येत नाही.

ठोका वाढेना, तेव्हा कंपन्यांनी एकाच चिपवर दोन मेंदू बसवले. आयबीएमने मोठ्या यंत्रांसाठी हे 2001 मध्येच केलं होतं. घरच्या संगणकात ते 2005 च्या मे महिन्यात आलं : इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन 64 एक्स 2. 2006 संपता संपता चार कोर आले. त्यानंतर आठ, सोळा.

मंडळी, अनेक मेंदू एकत्र जुंपायची ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी आपल्याला एक क्रे महासंगणक दिला, पण हवा होता तो जास्त ताकदीचा दिला नाही. तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांचं. त्यांच्याकडे क्रेसारखा एकच महाकाय प्रोसेसर बनवायची साधनं नव्हती. त्यांनी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा घेतल्या, त्या एकमेकींशी बोलतील अशा जोडल्या, आणि 1991 मध्ये परम 8000 उभा केला. एक हत्ती मिळेना, तर बैलांच्या जोड्या जुंपल्या. जी वाट पुण्याने नाइलाजाने धरली, तीच चौदा वर्षांनी घरच्या संगणकालाही धरावी लागली.

पण बैल अनेक झाले म्हणून नांगर आपोआप जलद चालत नाही. आपल्या बृहदीश्वराच्या आवारात सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत भिंतीवर कोरवला आहे. समजा, तसा लेख कोरायला तुम्ही दहा पाथरवट लावले. प्रत्येकाला भिंतीचा वेगळा तुकडा दिला, तर काम झरझर होईल. पण मजकूरच अजून लिहून झालेला नसेल, तर दहाही जण छिन्नी खाली ठेवून पंडितांच्या तोंडाकडे बघत बसतील. पंडितांचं काम वाटून देता येत नाही.

जीन अ‍ॅम्डाल या अमेरिकन अभियंत्याने हे 1967 मध्येच सांगितलं होतं. दहा तासांच्या कामातले दोन तास वाटून देता येत नसतील, तर चार कोर लावून काम चार तासांत होईल, आठ लावून तीन तासांत, आणि हजार लावले तरी दोन तासांच्या आत कधीच होणार नाही. फौजेत आम्ही हे रूट मार्चमध्ये शिकतो : तुकडीचा वेग म्हणजे सगळ्यात मागच्या जवानाचा वेग.

म्हणून चार कोर म्हणजे बारा गिगाहर्ट्झ नव्हे. चार कोर म्हणजे तीन गिगाहर्ट्झच्या वेगाने चालणारे चार गडी. काम चौघांत वाटता येत असेल तर चौघे राबतील. नसेल तर एक राबेल आणि तिघे विडी ओढतील. पत्र लिहिणं, हिशेबाचा तक्ता उघडणं ही बहुतेक एकट्या गड्याची कामं. तिथे एका कोरचा दम महत्त्वाचा. चित्रफीत तयार करणं, शेकडो छायाचित्रं एकदम साफ करणं, ही वाटून होणारी कामं.

आता मास्तरांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पानं दोन हजार. एक पान साफ करायला एका कोरला बारा सेकंद धरले, तर एकूण 6 तास 40 मिनिटं. चार कोरना 1 तास 40 मिनिटं, आठ कोरना 50 मिनिटं. दुप्पट वेग, खरंच! मास्तर खूश झाले. मग मी विचारलं, "आणि पान रुमालातून काढून, हळूच उलगडून, स्कॅनरवर ठेवायला?" ते म्हणाले, "मिनिटभर तरी लागणार. फाटलं तर गेलं." म्हणजे दोन हजार मिनिटं. 33 तास 20 मिनिटं. हे काम कुठलाही कोर करणार नाही; ते मास्तरांचेच हात करणार. सगळं धरून चार कोरवर 35 तास, आठ कोरवर 34 तास 10 मिनिटं. दुप्पट पैसे देऊन वाचणार 50 मिनिटं.

मास्तर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे या सगळ्यात मंद कोर मीच."

मी म्हटलं, "मास्तर, मोडी वाचणारा कोरही तुमच्या घरात आता तुम्हीच उरलात. तो कुठल्या दुकानात मिळत नाही."

त्यांनी चार कोरचा संगणक घेतला. ठेव मोडली नाही. वाचलेल्या पैशांतून एक बरा स्कॅनर घेतला आणि दोन वेगळ्या हार्ड डिस्क घेतल्या : एक स्वतःच्या घरी, एक लेकीकडे तिरुचिरापल्लीला. एका घरात पाणी शिरलं, तरी दुसरी प्रत राहील. आणि रोज संध्याकाळी त्यांची नात शेजारी बसते. ते मोडी वाचतात, ती बाळबोधीत टंकते. मंडळी, घरात दुसरा कोर बसवायचा तर तो असा.

तुम्ही संगणक घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आकडा विचारण्याआधी स्वतःला विचारा : माझं काम वाटून होणारं आहे का? आणि या सगळ्यात सगळ्यात मागे कोण चालतंय? पैसा तिथे लावा.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.