वळकटी ते चाकांची बॅग

भारताचं तिकीट हातात पडलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात सर्वप्रथम एक एक्सेल शीट उघडते. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा धरल्या तर चौघांच्या कुटुंबाचे झाले १८४ किलो. मग बाथरूममधला वजनकाटा दिवाणखान्यात येतो आणि पुढचे दोन आठवडे घरात दुसरा विषय नसतो!

आमच्या धंद्यात कुठलंही प्रोजेक्ट सुरू करताना आधी गृहीतकांची यादी करतात. सामानाची यादी म्हणजे तरी वेगळं काय असतं? जिथे जायचं तिथे काय मिळणार नाही, असं आपण धरून चाललोय, त्याचीच ती यादी. या नजरेने आपल्या माणसांच्या गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या गाठोड्यांकडे पाहिलं, तर बराच इतिहास हाती लागतो.

सुरुवात करू विष्णुभट गोडसे यांच्यापासून. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, अशी बातमी होती. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली होती खरी, पण बोरघाटातून गाडी वर चढायला १८६३ साल उजाडलं. म्हणजे प्रवास बहुतांश पायी. पायी जाणाऱ्याच्या सामानाला एकच नियम, खांद्याला पेलेल तेवढंच! त्यात भटजी नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, मिळवलेला पैसा लुटला गेला. परत येताना त्यांनी आणली ती गंगेच्या पाण्याची कावड. आईवडिलांसाठी. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला.

त्या काळच्या शिदोरीतही गंमत आहे. दशमी पाण्याऐवजी दुधात का भिजवायची? टिकते, मऊ राहते, हे आहेच. पण दुधात भिजवलेलं सोवळ्याला चालतं, हे खरं कारण. परक्याच्या हातचं खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, म्हणून फिरकीचा तांब्याही बरोबर. फिरकी घट्ट बसली की पाणी सांडत नाही आणि शिवाशिवीचा प्रश्नही येत नाही. आज आपण तो तांब्या शोकेसमध्ये कौतुकाने मांडतो, पण त्यामागे जातिभेदाचा हिशेब होता हे विसरू नये. पुढे रेल्वेने सगळ्यांना एका डब्यात बसवलं, तरी स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या सोयी स्वातंत्र्याच्या सुमारापर्यंत होत्या.

रेल्वेमुळे एक मोठा बदल झाला. ओझं आता आपल्या खांद्यावर नव्हतं, त्यामुळे सामान वाढलं. पत्र्याची ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. वळकटी आली आणि साहेबाच्या नकलेने तिचा होल्डॉल झाला, जाड कॅनव्हासचा, चामड्याच्या पट्ट्यांचा. गादी, उशा, चादरी आणि ऐनवेळी उरलेलं सगळं त्याच्या पोटात. मे महिन्यात मामाच्या गावाला जाणाऱ्या कुटुंबाची ओळखच ती. ही गादी न्यावी लागे, कारण खालच्या वर्गाचे बाक लाकडी होते. ते बदलले १९७७ साली रेल्वेमंत्री झालेल्या मधु दंडवते यांनी. कोकणातल्या राजापूरमधून निवडून येणाऱ्या या नानांनी दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली. २६ डिसेंबर १९७७ ला सुरू झालेली मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस ही त्यातली पहिली. होल्डॉल माळ्यावर जायला आणखीही कारणं होती, पण त्या दोन इंचांचा वाटा मोठा!

आता समुद्र ओलांडू. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघं अठरा. साडी सोडायची नाही आणि मांसाहार करायचा नाही, हा निश्चय घेऊन त्या आल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत तो निश्चय किती जड गेला असेल, हे जानेवारीत गाडीवरचा बर्फ खरवडताना कळतं.

अमेरिकेने १९६५ साली कायदा बदलल्यावर आपली मंडळी मोठ्या संख्येने येऊ लागली. तेव्हा परकीय चलनाची चणचण होती, त्यामुळे खिशात अधिकृतपणे आठ डॉलर. मग बॅगेत सगळंच! प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, गोडा मसाला, वर्षाची लोणची. उलट जाताना परफ्यूम, कॅमेरे, टेपरेकॉर्डर. १९९१ नंतर भारताचा बाजार उघडला आणि ही 'तिकडून आणलेली' मिजासही हळूहळू ओसरली.

चाकांची गोष्ट सांगितल्याशिवाय इंजिनिअरला राहवणार नाही. बर्नार्ड सॅडो नावाचे गृहस्थ १९७० साली अरूबा बेटावरून कुटुंबासह सुट्टी घालवून परतत होते, दोन्ही हातांत जड सुटकेसेस. विमानतळावर एक कामगार चाकांच्या फळीवरून यंत्र ढकलत नेताना दिसला आणि डोक्यात दिवा पेटला. १९७२ साली त्यांना पेटंट मिळालं. त्याआधीही काहींनी सामानाला चाकं लावून पाहिली होती, पण बाजारात रुजली ती यानंतर. आजची उभी, लांब दांड्याची बॅग १९८७ सालची, रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाची. माणूस चंद्रावर १९६९ ला पोचला, बॅगेला चाकं त्यानंतर! कारण साधं आहे. जोवर हमाल होते, तोवर ओझं ही उचलणाऱ्याची अडचण होती, बॅग बनवणाऱ्याची नव्हे.

आणि आता? चितळ्यांची बाकरवडी इथल्या दुकानात आणि इथली चॉकलेटं पुण्यातल्या कोपऱ्यावर. गृहीतकांची यादी जवळपास रिकामी झाली. तरी काटा २३ च्या पुढेच जातो. कारण आईने निवडून, भाजून, पिशवीवर तारीख घालून दिलेली भाजणी 'इथे मिळते गं' म्हणून मागे ठेवता येत नाही. तिला द्यायला आपल्याकडे तेवढं नेमकं काही नसतं, म्हणून आपण आणखी एक जीवनसत्त्वांची बाटली कोंबतो.

तेव्हा मंडळी, एक विनंती. रेल्वेच्या तारखा पुस्तकांत सापडतात. पण तुमच्या आजीच्या ट्रंकेत काय काय होतं, शिदोरी किती दिवस पुरायची, होल्डॉल कोण बांधायचं, हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नाही. ते ज्यांना आठवतं, ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. या खेपेला एक संध्याकाळ खरेदीला न जाता त्यांच्याजवळ बसा, मुलांनाही बसवा, विचारा आणि लिहून घ्या. एवढं सामान परत आणायला वजनाची मर्यादा नाही.

शुभ दीपावली!