सोबत्याला दगा देण्याचा हुकूम आला तर सैनिकानं काय करावं? इतिहास आणि कायदा काय सांगतो?

बीड जिल्ह्यातल्या धारूरचा किल्ला जानेवारी १६३१ मध्ये मुघलांच्या हाती गेला. निजामशाहीचा हा महत्त्वाचा किल्ला होता. तो पडण्यामागे अनेक कारणं होती. त्यातलं एक कारण दीड वर्ष आधी दौलताबादच्या दरबारात घडलं होतं. तिथे निजामशहानं आपल्याच एका मातब्बर सरदाराला मारण्याचा हुकूम दिला होता आणि दरबारातल्या इतर सरदारांनी तो पाळला होता.

ज्याच्यासोबत लढलो, ज्याच्या भरवशावर पाठ मोकळी सोडली, त्याच माणसाला पकडून द्या किंवा ठार करा असा आदेश वरून आला तर? हुकूम पाळायचा की सोबत्याशी इमान राखायचं? हा प्रश्न महाराष्ट्राच्या मातीत अनेकदा उभा राहिला आहे. आजच्या लष्करी कायद्यातही त्याचं उत्तर आहे. मात्र ते एका वाक्यात मावत नाही, कारण 'दगा' या एका शब्दाखाली आपण अगदी वेगवेगळ्या गोष्टी टाकतो.

सुरुवात इतिहासापासून करू.

दौलताबाद, १६२९: हुकूम पाळला, पुढे काय झालं?

सिंदखेडचे लखुजी जाधव म्हणजे जिजाबाईंचे वडील आणि शिवाजी महाराजांचे आजोबा. निजामशाहीतले ते मोठे सरदार होते. मध्यंतरी ते मुघलांकडे गेले होते आणि नंतर पुन्हा निजामशाहीत परतले होते. त्यामुळे निजामशहाच्या मनात संशय होता.

२५ जुलै १६२९ रोजी लखुजी दौलताबादच्या दरबारात आले असताना त्यांच्यावर हल्ला झाला. त्यात लखुजी, त्यांची मुलं अचलोजी आणि राघोजी, तसंच नातू यशवंतराव मारले गेले. मारणारे बाहेरचे शत्रू नव्हते. एकाच दरबारात बसणारी ही माणसं होती.

आरोप नाही, सुनावणी नाही, थेट तलवार. याचा परिणाम काय झाला, ते पुढच्या चार वर्षांत दिसतं.

जाधव घराण्यातले लोक मुघलांकडे वळले. लखुजींचे जावई शहाजीराजे यांनीही निजामशाहीची साथ सोडली आणि १६३० मध्ये ते मुघलांना मिळाले. जानेवारी १६३१ मध्ये मुघल सेनापती आझमखानानं धारूर घेतलं. १६३२ मध्ये मलिक अंबरचा मुलगा फतेहखान यानं निजामशहालाच ठार केलं. १६३३ मध्ये दौलताबादही पडलं.

हे सगळं एकट्या त्या हत्येमुळे झालं असं म्हणता येणार नाही. १६३० चा भीषण दुष्काळ होता, मुघलांची फौज मोठी होती. पण राज्य अडचणीत असताना ज्यांनी उभं राहायचं, ते सरदार आधीच दुरावले होते. दरबारात बोलावून मारतात हे एकदा कळलं की पुढच्या बोलावण्यावर कुणाचा विश्वास बसणार?

औरंगाबाद, १८५७: परेडवर नावांची यादी

दुसरी घटनाही मराठवाड्यातलीच आहे. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) छावणीत हैदराबाद कंटिंजंटचा पहिला रिसाला होता. ही फौज निजामाच्या नावानं उभी केलेली, पण तिच्यावर हुकूम चालायचा इंग्रज अधिकाऱ्यांचा.

आपल्याला दिल्लीकडे नेणार, अशी कुणकुण स्वारांना लागली. म्हणजे उठाव केलेल्या शिपायांवर आणि बादशहावर हत्यार उचलायचं. रिसाल्यात असंतोष पसरला. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज आणि तोफा घेऊन आले. स्वारांना परेडवर उभं करण्यात आलं आणि कॅप्टन अॅबट संशयितांची नावं वाचू लागले. तेव्हा जमादार अमीर खान मध्येच बोलले. हे सगळं खोटं आहे, असं सांगत त्यांनी आपल्या माणसांना बंदुका भरायला सांगितलं. गोंधळ उडाला आणि अनेक स्वार घोड्यांवरून निसटले.

जे सापडले त्यांच्यावर लष्करी खटले चालले. दफेदार मीर फिदा अली यांना फाशी झाली. काहींना गोळ्या घालण्यात आल्या, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. शहरातला काळा चबुतरा, म्हणजे आजचा क्रांती चौक परिसर, या शिक्षांशी जोडला जातो.

इथे एका परेडवर दोन पेच आहेत. पहिला, दूरच्या सोबत्यांवर चालून जाण्याचा. दुसरा, शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचं नाव यादीत जाण्याचा. संशयितांची अशी यादी आतल्या माहितीशिवाय तयार होत नाही. इंग्रजांच्या लेखी माहिती देणारा इमानी होता. रिसाल्यातल्या कित्येकांच्या लेखी तोच फितूर.

मुंबई, १९४६: मराठा पलटण आणि बंडातले खलाशी

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल केंद्रातल्या खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, अपमानास्पद वागणूक आणि पगारातला भेदभाव ही तक्रारी होत्या, आणि त्यांना स्वातंत्र्याच्या मागणीचीही जोड मिळाली. बघता बघता संप इतर बंदरांत पसरला. सुमारे ७८ जहाजं आणि २० हजार खलाशी त्यात होते.

खलाशांना आवरण्यासाठी लष्कर आणण्यात आलं. फोर्टमधल्या कॅसल बॅरॅक्सला मराठा पलटणीच्या जवानांचा वेढा होता. २१ फेब्रुवारीला तिथे गोळीबार झाला. खलाशांच्या बाजूनं सांगितल्या गेलेल्या हकिकतींमध्ये मराठा जवानांनी नेम धरून गोळ्या झाडल्या नाहीत, असं येतं. पुढे तिथे ब्रिटिश सैनिक पुढे करण्यात आले. सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला खलाशांनी संप मागे घेतला. शेकडो जणांना नोकरीतून काढून टाकण्यात आलं.

आज कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे. ज्यांना तेव्हा बंडखोर म्हटलं, त्यांना आता स्वातंत्र्यसैनिक म्हटलं जातं.

मग हुकूम न पाळणं योग्यच होतं का? गांधीजींचं उत्तर वेगळं होतं

इथे एक धक्का बसतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरमध्ये चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाल रायफल्समधल्या सोबत्यांनी निःशस्त्र आंदोलकांवर गोळी चालवायला नकार दिला. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं. पण अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या महात्मा गांधींनी मात्र एका फ्रेंच पत्रकाराशी बोलताना या नकाराचं समर्थन केलं नाही.

त्यांचं म्हणणं असं होतं: सैनिक होताना शपथ घेतली असेल तर ती मोडता येत नाही. पटत नसेल तर नोकरीच सोडावी. आज मी सैनिकांना हुकूम मोडायला शिकवलं, तर उद्या स्वतंत्र भारताचं सरकारही याच सैनिकांवर चालायचं आहे, तेव्हा काय?

हा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक जवान स्वतःच्या मनाप्रमाणे हुकूम निवडू लागला, तर बंदूक कुणाच्या ताब्यात राहणार? ज्या देशांत सैन्यानं निवडून आलेली सरकारं उलथवली, तिथे हाच प्रश्न विचारला जातो.

आजचा कायदा काय सांगतो?

भारतीय सैन्याला लागू असलेला लष्करी कायदा १९५० सालचा आहे. या विषयात त्यातली काही कलमं महत्त्वाची आहेत.

कलम ४१: वरिष्ठाचा आदेश मोडणं हा गुन्हा आहे. वरिष्ठानं समोरासमोर दिलेला आदेश उघडपणे धुडकावला तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कलमातला शब्द आहे 'कायदेशीर आदेश'. कोणताही आदेश नव्हे.

कलम ३७: हे बंडाबद्दलचं कलम आहे आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत आहे. बंड करणारा तर दोषी आहेच. पण बंडाची किंवा तसा बेत असल्याची माहिती असूनही जो लगेच वरिष्ठांना कळवत नाही, तोही याच कलमाखाली दोषी ठरतो.

कलम ३८: पळून गेलेल्या सैनिकाला जाणूनबुजून आसरा दिला तर सात वर्षांपर्यंत कैद. तो पळाल्याचं माहीत असून कळवलं नाही, तर दोन वर्षांपर्यंत.

म्हणजे मौन बाळगणं हाही काही वेळा गुन्हा ठरतो. राज्यघटनेच्या कलम २० नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. जिवलग मित्राविरुद्ध साक्ष देण्यापासून मात्र अशी सूट नाही.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. कलम ५६ नुसार सहकाऱ्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं गुन्हा आहे. कलम ६० नुसार खोटी साक्ष देणं गुन्हा आहे. त्यामुळे 'अमक्याचं नाव घे, बाकीचं आम्ही बघतो' असा तोंडी हुकूम आला आणि ते नाव खोटं आहे हे जवानाला ठाऊक असेल, तर तो कायदेशीर आदेशच नाही. तो पाळणाऱ्याची मान अडकते.

'मला वरून आदेश होता' हा बचाव चालतो का?

दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेम्बर्गच्या खटल्यांत जर्मन अधिकाऱ्यांनी हाच बचाव घेतला होता. तो फेटाळला गेला. १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगानं यातून तत्त्व मांडलं: नैतिक निवड करणं शक्य होतं, तरीही गुन्हा केला, तर वरिष्ठांचा आदेश ही सबब पुरेशी नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये सैनिकाचंच उदाहरण आहे. वरिष्ठाच्या आदेशावरून जमावावर गोळी झाडणारा सैनिक गुन्हेगार ठरत नाही. पण पुढे एक अट आहे: ती कृती कायद्याच्या आज्ञेनुसार असली पाहिजे. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ७६ मध्ये हेच होतं.

मुंबईतल्या २००६ च्या एका बनावट चकमक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. प्रकरण पोलिसांचं होतं. पण न्यायालयानं न्युरेम्बर्गचा दाखला देत सांगितलं की बनावट चकमक करण्याचा बेकायदा आदेश वरिष्ठानं दिला, तर तो नाकारणं हे कनिष्ठाचं कर्तव्य आहे. तो पाळला तर खुनाचा खटला चालेल.

तीन हुकूम, तीन उत्तरं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. 'सोबत्याला दगा दे' या हुकमाचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात.

१. खरं सांग. सोबत्यानं शस्त्रं चोरली, बंडाचा बेत केला, कैद्याला मारलं आणि तुम्हाला ते माहीत आहे. इथे सांगणं हे कर्तव्य आहे. मैत्रीला जड जाईल, पण याला दगा म्हणता येत नाही. कारण ज्यांचा जीव त्या गुन्ह्यामुळे धोक्यात येतो, तेही सोबतीच असतात.

२. त्याला पकड. अटकेचा आदेश कायदेशीर अधिकाऱ्याचा असेल आणि पुढे त्याला बाजू मांडायची संधी मिळणार असेल, तर आदेश पाळावा लागतो. दोषी कोण, हे कोर्ट मार्शल ठरवतं. अटक करणाऱ्या जवानानं ते ठरवायचं नसतं.

३. त्याला खोट्यात अडकव किंवा संपव. हा आदेश कुणीही दिला तरी बेकायदाच. दौलताबादच्या दरबारातला हुकूम या प्रकारात बसतो. तो पाळला म्हणून कुणी इमानी ठरत नाही.

१८५७ आणि १९४६ च्या घटना या चौकटीत नीट बसत नाहीत, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. तिथे आदेश तेव्हाच्या कायद्यानुसार होता, पण तो कायदा करणारं राज्यच लोकांनी निवडलेलं नव्हतं. गांधीजींच्या उत्तरातही ही अडचण उरतेच. नोकरी सोडून घरी जा, हे सांगणं सोपं आहे. परेडवर तोफांसमोर उभ्या असलेल्या स्वाराला ती सोय नव्हती.

प्रत्यक्षात जवानापुढे कोणते मार्ग असतात?

सैन्यात आदेश कायदेशीर आहे असंच धरून चाललं जातं. तो बेकायदा होता हे सिद्ध करण्याची वेळ नंतर, न्यायालयात येते. तोवर धोका नाकारणाऱ्याच्या डोक्यावर असतो. म्हणून काही गोष्टी कामी येतात.

• आदेश संशयास्पद वाटला तर तो स्पष्ट करून मागणं, शक्य असेल तर लेखी.

• लष्करी कायद्याच्या कलम २६ नुसार जवान आणि कलम २७ नुसार अधिकारी अन्यायाविरुद्ध वरच्या पातळीवर दाद मागू शकतात.

• कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. २००७ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

• नकार एकट्याचा आणि उघड असावा. चार जणांना गोळा करून नकार दिला की प्रकरण बंडाच्या कलमाकडे झुकतं.

बीडसारख्या जिल्ह्यांतून अनेक तरुण सैन्यभरतीची तयारी करतात. भरती झाल्यावर जी शपथ घेतली जाते, त्यात जिवाची पर्वा न करता वरिष्ठांचे आदेश पाळण्याची गोष्ट येते. त्याच शपथेत राज्यघटनेशी निष्ठाही असते. हुकूम आणि सोबती यांच्यात ओढाताण झाली, तर आधी विचारायचा प्रश्न असा: मला खरं सांगायला, कायद्यानं पकडायला सांगतायत, की खोटं बोलायला आणि मारायला? पहिल्या दोन बाबतींत आदेश पाळावा लागतो. तिसऱ्या बाबतीत नाही म्हणण्याची किंमत मोठी असू शकते, पण कायदा त्याच्या बाजूनं उभा आहे.