आळंदचा घोडेबाजार आणि पडद्यावरची शर्यत

उत्तम घोडा हे दख्खनचे मूळचे धन नव्हे. भीमा-नीरेच्या काठची, पुढे नावारूपास आलेली भीमथडीची तट्टे काटक आणि अल्पसंतुष्ट खरी; परंतु चिलखती स्वाराला पाठीवर घेऊन शत्रूच्या फळीवर तुटून पडण्यास लागणारा उंच, भरदार घोडा समुद्रापलीकडून, अरबस्तान-इराणच्या बाजूनेच यावा लागे. म्हणूनच १३४७ साली गुलबर्ग्यास बहामनी तख्त स्थापन झाल्यापासून, आणि पुढे राजधानी बेदरास हलल्यावरही, चौल-दाभोळची बंदरे आणि तेथून घाट चढून येणारे घोड्यांचे तांडे यांची काळजी या सुलतानांना आपल्या किल्ल्यांइतकीच वाहावी लागली. ज्याच्या मदरशाचे भग्न वैभव बेदरास अद्याप उभे आहे तो वजीर महमूद गावान हाही गिलानहून या मुलखात प्रथम आला तो व्यापारी म्हणून.

गावानाच्याच अमदानीत अफनासी निकितीन नावाचा त्वेर नगरीचा एक रशियन सौदागर अवघा एक घोडा घेऊन चौलास उतरला, आणि त्या एका जनावरापायी त्याला जो मनस्ताप झाला त्याची हकीकत त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून ठेवली आहे. जुन्नरच्या असदखानाने घोडा अडकवून ठेवला. इस्लाम स्वीकारलास तर घोडा परत मिळेल आणि वर हजार सुवर्णनाणी मिळतील, नाही तर घोडाही जाईल आणि तितकाच दंडही बसेल, असे बजावून विचार करण्यास चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून निकितीनाचा धर्मही वाचला आणि घोडाही. या जनावरावर त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. पुढे बेदरास पोहोचल्यावर त्याने ते विकून टाकले, आणि त्याच मुक्कामात शेख अल्लाउद्दीनाच्या नावाने वर्षातून एकदा भरणाऱ्या दहा दिवसांच्या बाजाराचे वर्णन लिहिले. अभ्यासक हा बाजार आजच्या कलबुर्गी, म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा, जिल्ह्यातील आळंदचा मानतात. लाडले मशायख या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अल्लाउद्दीन अन्सारींचा दर्गा तेथे आजही आहे. या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे निकितीन म्हणतो. आकडा सौदागराच्या तोंडचा आहे. त्यातून बाजारी अतिशयोक्ती सढळ हाताने वजा केली, तरी आज जेथे तुरीची शिवारे दूरवर पसरलेली दिसतात, तेथे एकेकाळी दख्खनच्या घोडदळाची खरेदी होत असे, एवढे शिल्लक राहतेच.

घोडा इतका महाग, की घोड्याची किंमत हीच स्वाराची पात्रता ठरे. आणि वस्तू महाग असली की तिच्या नावावर होणारी लबाडीही तितकीच कसबी असते. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे जनावर उसने आणून उभे करावे, एरवी तट्टावर भागवावे आणि पगार मात्र जातिवंत घोड्याचा उचलावा. किंवा स्वतः घरी राहून भलत्याच माणसाला आपल्या नावावर रांगेत उभे करावे, हे प्रकार दिल्लीच्या फौजेत एवढे बोकाळले, की अल्लाउद्दीन खिलजीने घोड्याला दाग देण्याची आणि स्वाराचे चेहरेपट्टीसह वर्णन दप्तरी लिहून ठेवण्याची पद्धत घातली. अकबराला तीच पद्धत पुन्हा चालू करावी लागली, यावरून लबाडीचे आयुष्य फर्मानाच्या आयुष्याहून किती दीर्घ असते ते दिसते.

घोड्याची ऐपत नसलेल्या रयतेची शर्यत निराळी होती, आणि ती दरबारी दप्तरांत सापडत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेस, म्हणजे कारहुणवीस, कर्नाटक-महाराष्ट्राच्या या सीमाभागात गावोगाव बैलांना नदी-ओढ्यावर नेऊन घासूनपुसून धुतात, शिंगे रंगवतात, त्यांना गोंडे आणि पाठीवर झूल चढवतात. आणि सायंकाळी वेशीत कडुलिंबाचे डहाळे गुंफलेला दोर आडवा बांधून वाजंत्र्यांच्या गजरात बैल सोडले जातात. दोराखालून जो प्रथम निसटेल त्याने ‘कर’ तोडली. जिंकलेल्या बैलाचा रंग पाहून, पांढरा असेल तर पांढऱ्या धान्याचे आणि तांबडा असेल तर तांबड्या धान्याचे पीक यंदा साधेल, असा होरा बांधण्याची चाल आहे. दोन बैल एकाच वेळी वेशीत शिरले तर निवाडा वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांवर, आणि तो मान्य नसेल तर वाद चावडीवर. परंतु माझ्या मते या प्रथेतील अधिक विचारार्ह भाग पंधरा दिवसांनी येतो. त्याच महिन्याच्या अमावास्येस याच घरांतून मातीचे बैल करून पुजतात, आणि ज्यांच्या गोठ्यात दावणीला जनावर नाही त्यांच्या देव्हाऱ्यापुढेही बैलांची जोडी उभी राहते. खऱ्याची ऐपत नसताना प्रतिकृतीवर हक्क सांगण्याची ही रीत आहे. तीत कोणाला कमीपणा वाटल्याचे ऐकिवात नाही.

निजामाच्या अंमलात गुलबर्गा हे सुभ्याचे ठाणे झाले, आणि वेगाचे सारे वैभव हैदराबादेस एकवटले. निजाम महबूब अली खान यांनी घोड्यांच्या शर्यतींचे मैदान १८८६ मध्ये मलकपेठेस आणवले. पुढे मोटारी आल्या त्याही राजवाड्यांत. गुलबर्ग्याच्या वाट्याला मुंबई-रायचूर लोहमार्गावरचे स्थानक आले. या काळाविषयी आपल्या विषयापुरते याहून अधिक सांगण्याजोगे नाही.

वेगाची प्रतिकृती करण्याचे काम दरम्यान दूर पश्चिमेस, आणि तेही करमणुकीसाठी नव्हे तर मरण टाळण्यासाठी सुरू झाले होते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च त्याला झेपेना, तेव्हा त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचेच भाते आणि हवेचे पंप वापरून, जमिनीला खिळलेले परंतु सुकाणू फिरवताच कलणारे व डोलणारे एक खोटे विमान तयार केले. प्रथम त्याला गिऱ्हाइके मिळाली ती जत्रा-उद्यानांतली. १९३४ मध्ये टपाल वाहून नेताना अमेरिकी सैन्याचे वैमानिक धुक्यात एकामागून एक कोसळू लागले, तेव्हा सरकारने त्याच्याकडून सहा यंत्रे विकत घेतली. मोटारींच्या शर्यतीस हे तत्त्व गणकयंत्रांच्या युगात लागू झाले. १९८९ मध्ये पॅपायरस या मंडळीने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत घरच्या गणकावर आणली, आणि २००८ मध्ये आयरेसिंगने लेसरने मोजलेले धावमार्ग, पंचांची व्यवस्था आणि बेशिस्तीने आपटणाऱ्या चालकाची पत उतरवणारी गुणपत्रिका यांसह जगभरच्या चालकांना एकाच शर्यतीत उतरवले.

अशा स्पर्धेच्या एका फेरीचे स्वरूप ज्यांनी पाहिले नाही त्यांना ती लहान मुलांचे खेळणे वाटते. वस्तुतः तिच्याइतकी काटेकोर शर्यत विरळा. मेजाच्या कडेला शिकंज्याने आवळलेल्या सुकाणूत एक मोटर असते, आणि पुढची चाके घसरू लागताच सुकाणू हातात एकदम हलके पडते. ते हलकेपण कळण्याआधी ब्रेकवरचा पाय सैल झाला नाही, तर मोटार वळणाबाहेर गेलीच म्हणून समजावे. आधी सराव, मग क्रमनिश्चिती, मग मुख्य शर्यत; इंधनाचे ओझे फेरीगणिक घटते आणि टायर तापून झिजतात, तेही हिशेबात धरावे लागते. प्रत्येकाचे गणकयंत्र स्वतःच्या मोटारीची गती स्वतः मोजते व इतरांच्या मोटारींची बातमी तारांवरून मागवते. ती बातमी निमिषभर उशिरा पोहोचते, म्हणून एकाच्या पडद्यावर झालेली टक्कर दुसऱ्याच्या पडद्यावर झालेलीच नसते. मग शर्यत संपल्यावर लेखी तक्रारी दाखल होतात, पंच नोंदवलेले चित्रण मागेपुढे फिरवून पाहतात, आणि पाच-दहा सेकंदांच्या दंडाने निकालाचा क्रम पालटतो. वेशीतल्या वडीलधाऱ्यांना ही सोय नव्हती.

२०२० च्या वसंतात महामारीने जगातील धावमार्ग ओस पाडले, तेव्हा खरे विजेतेही या पडद्यांपुढे येऊन बसले. जूनमध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत पन्नास मोटारी आणि दोनशे चालकांनी घरबसल्या पार पाडली. गुलबर्ग्यासारख्या शहराच्या दृष्टीने यातला अर्थ खर्चाचा आहे. हिंदुस्थानातील पक्के धावमार्ग चेन्नईजवळ, कोइमतुरास आणि ग्रेटर नोएडास. हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या मोटारींच्या जागतिक मालिकेची फेरी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी झाली, आणि पुढच्याच वर्षी सरकार बदलल्यावर ठरलेली फेरी रद्द झाली. सुकाणू, पायपट्टे आणि बरे गणकयंत्र यांनाही पैसा लागतोच, शिवाय ऐन फेरीत लाईट गेली तर सारे मुसळ केरात. पण निकितीनाच्या शंभर रूबलांच्या मानाने ही जकात हलकी आहे.

हजेरीचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. २०२० च्या मे महिन्यात विजेवरच्या त्याच मोटारींच्या मालिकेने युनिसेफच्या मदतीसाठी चालवलेल्या घरबसल्या स्पर्धेत, ऑडीचा जर्मन चालक डॅनिएल आप्ट याच्या नावावर तिसरा क्रमांक लागला. एरवी मागे राहणारा हा गृहस्थ एकाएकी इतका तरबेज कसा झाला, याचा प्रतिस्पर्ध्यांना संशय आला. चौकशी झाली, आणि त्याच्या जागी पडद्यावरच्या शर्यतीत मुरलेला दुसराच तरुण सुकाणू धरून बसला होता, असे निष्पन्न झाले. आप्ट स्पर्धेतून बाद झाला, दहा हजार युरो धर्मादायास देण्याची त्याला शिक्षा झाली, आणि ऑडीने त्याला खऱ्या मोटारीवरूनही दूर केले. हा गमतीचा प्रकार होता, असे त्याचे म्हणणे होते. मदतनिधीच्या खेळासाठी एवढी कठोर शिक्षा योग्य होती का, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. मला स्वतःला दंड पुरेसा वाटला असता; खिलजीच्या दप्तरातल्या कारकुनाने मात्र नोकरी गेली याबद्दल आश्चर्य मानले नसते.