इंग्रजी व्याकरण आणि मराठी उंबरठा

परकी भाषा शिकावयाची म्हणजे तिच्या व्याकरणाचे नियम पाठ केल्यावांचून गत्यंतर नाहीं, अशी समजूत आपल्या सुशिक्षित घरांत फार दिवस रूढ होती. हल्लीं तिच्या उलट, व्याकरण ही निव्वळ अडगळ असून भाषा ऐकतां ऐकतां येते, असें म्हणणारा पक्ष बळावला आहे. आमच्या मतें दोघांच्याही दृष्टीआड एक मूळ प्रश्न राहतो: विद्यार्थी हे नियम शिकतो, ते कोणत्या भाषेच्या आधारानें? त्याचें उत्तर महाराष्ट्रांतील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासांतच सांपडतें.

बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस ‘दर्पण’ सुरू केलें, तेव्हां एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी अशी त्याची मांडणी ठेवली. होतकरू वाचकाला एका रकान्यांतून दुसऱ्यांत ये-जा करण्याची सोय त्यामुळें आपोआप झाली. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंग तर्खडकरांनीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें. विभक्तींची व्यवस्था संस्कृतावरून आणि शब्दांचें वर्गीकरण इंग्रजी धाटणीचें, असा तो संगम होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद येथपासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत ज्या आठ शब्दजाती आपल्या शाळांत रूढ झाल्या, त्या इंग्रजी व्याकरणांतील आठ विभागांशीं जुळतात त्या उगीच नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आपल्या निबंधांत दादोबांच्या मतांची कसून चिकित्सा केली, आणि १९११ सालीं मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’नें ही चर्चा पुष्कळ पुढें नेली. सारांश, ज्या मुलाला मराठी व्याकरण येत असे, त्याला इंग्रजी व्याकरणाचा निम्मा आराखडा आधींच ठाऊक असे.

उरलेला निम्मा भाग मात्र भेदाचा, आणि सारी अडचण तेथेंच आहे. ‘टेबलावर’ म्हणतांना आपण ‘वर’ हा शब्द नामाच्या मागून जोडतों आणि नामाचें सामान्यरूप करतों. इंग्रजींत ‘ऑन’ नामाच्या आधीं येतो व नाम जसेंच्या तसें राहतें. ‘रामानें आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ यांत आपलें क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणें बदलतें; इंग्रजी ‘एट’ला आंबा व पोळी सारखींच. उलट वर्तमानकाळीं तृतीयपुरुषी एकवचनीं कर्ता आला कीं इंग्रजी क्रियापदाला ‘स’ची शेपटी लागते. पावलोपावलीं रूपें बदलणाऱ्या भाषेंत वाढलेला आपला मुलगा ही एवढीशी शेपटी नेमकी विसरतो! ‘ए’ आणि ‘ॲन’ यांची निवड अक्षरावर नसून उच्चारावर अवलंबून असते, म्हणूनच ‘ॲन अवर’ पण ‘ए युनिव्हर्सिटी’; आणि हीं उपपदें मराठींत मुळींच नसल्यामुळें ‘एक’ व ‘तो’ यांच्याशीं ताडून दाखविल्यावांचून त्यांचें मर्म कळत नाहीं. ‘मला भूक लागली’ यांतला ‘मला’ इंग्रजींत ‘आय’ होऊन कर्त्याच्या आसनावर बसतो, हेंही तसेंच.

हे भेद ओळखून शिकविणारें पुस्तक म्हणजे तर्खडकर हेंच नांव मिरविणारी ‘भाषांतर पाठमाला’. तिचे तीन भाग पुढें ठेवून मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी लिहावयास घेतलें. तिच्या शेजारीं रेन व मार्टिन यांचें १९३० नंतरच्या दशकांत निघालेलें प्रसिद्ध व्याकरण ठेवून पाहावें. तें मुख्यतः हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीं लिहिलें गेलें. त्याचा वाचक इंग्रजी बोलतच शाळेंत येतो, असें तें गृहीत धरतें. पाठमाला तो मराठी बोलत येतो, असें धरते. दोन्ही पुस्तकें आपापल्या जागीं उत्तम. परंतु मराठी घरांतील मुलाच्या हातीं पहिलेंच पुस्तक रेन-मार्टिन दिलें, म्हणजे पाया न घालतां माडी बांधल्यासारखें होतें.

आतां आमच्या कळंबोलीकडे पाहूं. पनवेलजवळची ही सिडकोची वसाहत. एका अंगाला पोलादाचा मोठा बाजार, दुसऱ्या अंगाला पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचें तोंड. जुन्या गांवठाणांत आगरी बोली, तर इमारतींतून देशावरची व कोंकणची मराठी, हिंदी, पंजाबी, गुजराती कानीं पडते. महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेंतच इंग्रजी आलें, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तर वाढतच आहेत. अशा शाळेंतल्या पुष्कळ मुलांना घरच्या भाषेंतील कर्ता-कर्म ओळखावयास कोणी शिकवीत नाहीं. मग इंग्रजीचे नियम आधारावांचून अधांतरीं लोंबकळतात. मूल परीक्षेपुरतें घोकतें आणि बोलावयाची वेळ आली कीं गप्प बसतें.

जुन्या पद्धतीचे गोडवेच गावे, असें आमचें म्हणणें नाहीं. तींतही व्याख्या पाठ करून अर्थास मुकणारे विद्यार्थी कांहीं थोडे नव्हते, आणि कानानें ऐकण्याचा सराव तर तिनें अगदींच उपेक्षिला. परंतु तिचें एक सूत्र आजही टाकण्याजोगें नाहीं: परक्या घरांत शिरावयाचें तें आपल्या उंबरठ्यावरून. मुलाची घरची बोली आगरी असो वा पंजाबी, शिक्षकानें तींतलेंच एक वाक्य घ्यावें, त्यांतला कर्ता मुलाकडून शोधवावा, आणि मग इंग्रजी वाक्य शेजारीं मांडावें. पालकांनाही हें घरीं करतां येईल. त्यास दहा मिनिटें आणि एक पाटी पुरते.