ताटावरचा उजेड

गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीची संध्याकाळ. मुरुमला आमच्या घरी फराळाचे शेवटचे घाणे निघाले होते, आणि त्यांची छबी परगावच्या मावशीला धाडावयाची म्हणून कन्येने ताट मांडले. मोबाईल हातात घेऊन ती ट्यूबलाइटखाली उभी राहिली. निघालेले चित्र पाहून घरातले सगळेच हिरमुसले. चकलीचे काटे पार बुजून गेले होते, अनारशावरची खसखस दिसेना, आणि ताटाच्या मधोमध कन्येच्याच हाताची सावली पसरली होती. मग तिने मोबाईलचा दिवा चमकावून पाहिला, तर शंकरपाळ्यांवर तेलाचा तेवढा पांढरा डाग उमटला!

माजघरातून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आगं, तांदूळ निवडायला आपण दाराशी का बसतो? उजेड बाजूनं घे की!"

मातोश्रींचे हे वाक्य माझ्या मनातून जाईना. सुपातला खडा डोक्यावरच्या उजेडात लपतो, आणि दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात आपली चिमुकली सावली टाकून चटकन सापडतो. चकलीचा काटा आणि तांदळातला खडा यांचा न्याय एकच. आपल्या बायका जे पिढ्यान्‌पिढ्या जाणत होत्या, ते छायाचित्रकारांना शिकावयास बराच काळ लागला. त्याची ही कथा.

अन्नाचे छायाचित्र ही आजची टूम नव्हे. इंग्लंडात टॅलबटसाहेबाने छायाचित्रांचे पुस्तक खंडाखंडाने काढले, त्यात १८४५ च्या सुमाराचे फळांच्या टोपल्यांचे चित्र आहे. त्या काळी दिवा एकच, सूर्यनारायण. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची सोसायटी निघाली आणि डॉ. नारायण दाजींसारखी विद्वान मंडळी तीत शिरली. पण ढग आला की त्यांचाही कॅमेरा झाकून ठेवावा लागे.

१८६० नंतर मॅग्नेशियमची तार जाळून उजेड करता येऊ लागला. १८८७ साली जर्मनीत तिची भुकटी इतर रसायनांत मिसळून दारू तयार झाली. ती पेटली की लख्ख प्रकाश पडे, पण धुराचा लोट उठे आणि प्रसंगी चित्रकाराचे हातही भाजत. स्वयंपाकघरात असली आतषबाजी कोण करू देणार! १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद केलेला चमकदिवा निघाला, तेव्हा धुराची कटकट संपली. पुढे अमेरिकेत एजर्टन नावाच्या प्राध्यापकाने विजेचा असा दिवा साधला की, बशीत पडलेल्या दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट कॅमेऱ्याने जागच्या जागी धरून ठेवला. दुधाचा थेंब इतका राजबिंडा असतो हे नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही.

पण आपल्या मराठी घरातली खरी गोष्ट निराळीच आहे, आणि ती दादरला घडली.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चलच्चित्रांची विद्या घेऊन परतले. भांडवलदाराला खात्री पटावी म्हणून त्यांनी घरीच एक प्रयोग मांडला. कुंडीत वाटाणा पेरला, पुढे कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ ते त्याची एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर पाहावे, तर मिनिटभरात बी फुटले, कोंब वर आला आणि वेल झाला! 'अंकुराची वाढ' हे त्या चित्राचे नाव. आपल्या रोजच्या आमटी-भाजीतला वाटाणा आपल्याकडे प्रथम असा पडद्यावर आला.

पुढे 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव झाली. सरस्वतीबाईंचे दागिने त्यापायी गहाण पडले. ऊन एका बाजूने पडे; दुसरी बाजू काळवंडे. ती उजळण्यासाठी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. चादरीवर आपटलेले ऊन पात्रांच्या चेहऱ्यावर मवाळ होऊन पडे. तारामती झाले होते अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणारे. आणि त्या साऱ्या ६०-७० माणसांचा स्वयंपाकही बाईच करीत. चूल त्यांची, चादर त्यांची, रात्री फिल्मला भोके पाडावयाचे कामही त्यांचे. १९१३ च्या ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात चित्र लागले, लोकांनी राजाराणीला डोळे भरून पाहिले. पडद्यावर चादर मात्र कुणाला दिसली नाही. ती दिसू नये हेच तिचे काम!

आता घरचे पाहू. आमच्या कन्येने आजीचे ऐकून ट्यूबलाइट मालवली; कारण पिवळा दिवा आणि पांढरी नळी एकत्र असली, की कॅमेऱ्याला खरा पांढरा कोणता तेच उमगत नाही. टेबलावरचा एकच दिवा ताटाच्या डावीकडे, किंचित मागे सरकवून ठेवला. दिव्यापुढे, त्याला चिकटू न देता, विरविरीत मलमलीचा पांढरा पंचा ताणून बांधला. लहान दिव्याचा उजेड कापडभर पसरला की तोच खिडकी होतो, आणि सावलीची धार बोथट होते. उजवीकडे पांढरी चादर उभी धरली की बुजलेली बाजूही उजळते; ती ताटाजवळ आणावी तशी सावली फिकी होते, दूर न्यावी तशी गडद. वाफाळत्या पदार्थामागे काळसर कापड टांगून दिवा मागून दिला, तर वाफदेखील चित्रात उमटते.

एवढे केल्यावर चकलीचा काटा न्‌ काटा मोजता येईल असे चित्र निघाले. मावशीचा लगेच निरोप आला, "कुणी केल्या गं चकल्या?"

तेव्हा ध्यानात आले की, चकल्या जिने केल्या तीच सौभाग्यवती इतका वेळ उजव्या बाजूला चादर धरून उभी होती. दादरच्या अंगणात जे घडले, तेच आमच्या माजघरात! फरक इतकाच की आमच्या हाती अजून वेळ होता. मी चादर आपल्या हाती घेतली, कन्येने दिवा थोडा वर उचलला, आणि "अहो, केस तरी विंचरू द्या," असे ती म्हणत असतानाच तिची छबी निघाली.

मावशीने ताटाच्या चित्राला एका शब्दाने वाखाणले होते. ह्या दुसऱ्या चित्रावर मात्र ती अर्धा तास फोनवर बोलत बसली.