सिंधचे पतन आणि तेथील बौद्ध

इ. स. ७१२ मध्ये अरब सेनापती महंमद बिन कासिम याने सिंधचा राजा दाहिर याचा पराभव केला. या पराभवाचा विषय निघाला की एक आरोप हमखास पुढे केला जातो. सिंधमधील बौद्ध शत्रूला मिळाले, त्यांच्या अहिंसेने देश दुबळा केला आणि त्यांच्या फितुरीने तो गमावला, असा तो आरोप आहे. वि. दा. सावरकर यांनी आपल्या 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या ग्रंथात सिंधच्या बौद्धांवर असाच ठपका ठेवला आहे. महाराष्ट्रात हा आरोप इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की, तो तपासून पाहण्याची गरजही अनेकांना वाटत नाही. धम्माच्या अभ्यासकांनी मात्र तो तपासलाच पाहिजे. रागाने तो झिडकारून भागणार नाही आणि लाजेने गप्प बसूनही भागणार नाही. म्हणून उपलब्ध साधने काय सांगतात, ते आम्ही येथे पाहणार आहोत.

अरबांच्या आरंभीच्या मोहिमा

प्रेषित महंमद यांचे निधन इ. स. ६३२ मध्ये झाले. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांत अरब सैन्याने जगाचा नकाशा बदलून टाकला. ६३६ मध्ये यर्मूकच्या लढाईत बायझंटाईन साम्राज्याचा मोठा पराभव होऊन सीरिया अरबांच्या हाती गेला. कादिसिया आणि ६४२ मधील निहावंद या लढायांनी इराणच्या सासानी सत्तेचा कणा मोडला, आणि ६५१ मध्ये अखेरचा सम्राट तिसरा यझ्दगिर्द मारला गेल्यावर ती सत्ता संपली. दीर्घकाळ एकमेकांशी लढून थकलेली ही दोन साम्राज्ये होती, आणि त्यांची प्रजा करांच्या ओझ्याखाली पिचलेली होती. हे ध्यानात घेतले म्हणजे अरबांच्या वेगवान विजयांचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

भारताच्या किनाऱ्याकडे पहिली स्वारी याच काळात झाली, आणि तिचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे. नवव्या शतकातील अरब इतिहासकार बलाझुरी सांगतो की, खलिफा उमर यांच्या काळात, ६३६-३७ च्या सुमारास, बहरीन व ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठविले. भडोच आणि देबल येथेही तुकड्या गेल्या. खलिफांना मात्र हे साहस आवडले नाही. समुद्रावर माणसांचे जीव धोक्यात घातल्याबद्दल त्यांनी त्या सुभेदाराला कडक शब्दांत समज दिली. पुढे अरब मकरानपर्यंत आले, पण तेथे पाणी आणि अन्न यांची टंचाई होती, त्यामुळे सिंधच्या सीमेवर त्यांची पावले दीर्घकाळ अडखळली. म्हणजे सिंध एका धडकेत पडला नाही. पहिल्या स्वारीपासून दाहिरच्या मृत्यूपर्यंत पाऊणशे वर्षे उलटली.

आक्रमणापूर्वीचा सिंध

चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इ. स. ६४१ च्या सुमारास सिंधमध्ये आला. तेथील राजा शूद्र वर्णाचा असून बुद्धाच्या धम्मावर श्रद्धा ठेवणारा आहे, असे त्याने नोंदविले आहे. कित्येक शे संघाराम आणि सुमारे १०,००० भिक्खू त्याने पाहिले. हे भिक्खू सम्मितीय निकायाचे होते. त्यांपैकी बरेच जण आळशी आणि सुखासक्त झाले आहेत, असेही तो खेदाने लिहितो. हे बोल कटू आहेत, पण ते एका श्रद्धावान बौद्धाचे आहेत. म्हणून आपण ते टाळता कामा नयेत.

सिंधच्या राजकीय घडामोडींची माहिती मुख्यतः 'चचनामा' या फारसी ग्रंथातून मिळते. अली बिन हमीद कूफी याने तो १२१६ च्या सुमारास उच येथे रचला आणि एका जुन्या अरबी ग्रंथाचा हा अनुवाद असल्याचे सांगितले. घटनेनंतर पाच शतकांनी लिहिलेला हा ग्रंथ आहे. त्यात आख्यायिका आणि राजनीतीची संभाषणे मिसळलेली आहेत, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द प्रमाण मानता येत नाही. गंमत अशी की, बौद्धांवरील आरोपाचा मुख्य आधार हाच ग्रंथ आहे. मग आरोप करणाऱ्यांनी तो संपूर्ण वाचावयास हवा.

चचनाम्यानुसार राय घराण्याच्या दरबारातील चच नावाच्या ब्राह्मण अधिकाऱ्याने राजाच्या मृत्यूनंतर राणीशी विवाह करून सिंहासन मिळविले. ब्राह्मणाबादचा प्रमुख अघम लोहाणा त्याला शरण गेला नाही. तेथील नवविहारातील एका श्रमणाचा अघमला पाठिंबा होता. दीर्घ वेढ्यानंतर चचने ते नगर जिंकले आणि जाट व लोहाणा यांच्यावर पुढील अटी लादल्या. त्यांनी खरी तलवार बाळगू नये, रेशीम व मखमल वापरू नये, घोड्यावर खोगीर घालू नये, डोके व पाय उघडे ठेवावेत, घराबाहेर पडताना सोबत कुत्री न्यावीत आणि प्रमुखाच्या मुदपाकखान्यासाठी सरपण पुरवावे. पेशवाईतील गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू ज्यांना ठाऊक आहे, त्या वाचकांना या अटींचा अर्थ वेगळा सांगावयास नको. दाहिर हा याच चचचा पुत्र. ज्यांच्या हातून शस्त्र काढून घेतले होते, त्यांनी त्याच्या राज्यासाठी शस्त्र उचलावे अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

मोहीम कशी झाली

सिंहलद्वीपाकडून येणारे एक जहाज देबलजवळ चाच्यांनी लुटले. दाहिरने चाच्यांवर आपली सत्ता नसल्याचे कळविले. इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याने दोन मोहिमा पाठविल्या. दोन्ही फसल्या आणि त्यांचे सेनापती मारले गेले. त्यानंतर त्याने आपला तरुण आप्त महंमद बिन कासिम याची निवड केली. त्याच्यासोबत ६,००० सीरियन सैनिक होते, आणि तयारी इतकी बारकाईची होती की सुई-दोरा, तसेच सिरक्यात भिजवून वाळविलेला कापूसही बरोबर दिला होता. 'अरूस' म्हणजे नववधू या नावाचे, ५०० माणसांनी ओढावयाचे एक प्रचंड गोफणयंत्र समुद्रमार्गे देबलला आणण्यात आले. त्याच्या माऱ्याने देवळावरील ध्वजस्तंभ कोसळला, नगर पडले आणि तीन दिवस कत्तल झाली.

त्यानंतर नेरून नगराने, म्हणजे आजच्या सिंधमधील हैदराबादने, वेशी उघडल्या. चचनाम्यातील 'समनी' म्हणजे श्रमण. नेरूनच्या दोन समनींनी यापूर्वीच हज्जाजकडे जाऊन तह केला होता. सिविस्तान म्हणजे सेहवान येथे समनींनी दाहिरचा आप्त बझरा याला लढाई टाळण्याची विनंती केली. त्याने ती मानली नाही, तेव्हा त्यांनी अरबांना आपण त्याच्या पक्षाचे नसल्याचे कळविले. बझरा रातोरात पळून गेला. पुढे सिंधू नदी ओलांडून अरब रावरजवळ आले आणि जून ७१२ मध्ये तेथील लढाईत दाहिर मारला गेला. ब्राह्मणाबाद, आलोर आणि ७१३ मध्ये मुलतान ही नगरे त्यानंतर पडली.

दोष कोणाचा

नेरून आणि सिविस्तान येथील श्रमणांनी तह केला, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच चचनाम्यात इतर काय लिहिले आहे? देबलच्या ध्वजस्तंभाचे रहस्य अरबांना सांगणारा माणूस किल्ल्यातून आलेला एक ब्राह्मण होता. सिंधू ओलांडण्यासाठी नावा पुरविणारा मोका हा एक स्थानिक सरदार होता. दाहिरचा वजीर सियाकर पराभवानंतर विजेत्यांचा सल्लागार झाला. ब्राह्मणाबादच्या ब्राह्मणांना पूर्वीचे मान आणि महसुलाची कामे मिळाली. एवढे सर्व वाचून फक्त समनी तेवढे लक्षात ठेवावयाचे, याला इतिहास म्हणता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. दाहिरच्या सेनापतींनी महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून लाच घेतली आणि ते आपल्या राजासाठी लढले नाहीत, असे त्यांनी देशाला बजावले. तेथे बौद्धांचे नाव नाही. ज्यांच्या हाती सैन्य होते, त्यांच्यावर त्यांनी बोट ठेवले.

अहिंसेने दुबळेपणा आला, हा आक्षेपही टिकत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिंह सेनापतीच्या प्रसंगातून बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, शांततेचे सर्व उपाय संपल्यावर न्याय्य कारणासाठी लढणाऱ्याला बुद्धाने दोषी ठरविलेले नाही. व्यापारी नगरांतील श्रमणांनी तह करणे ही त्यांची हतबलता होती. तिला धम्माची शिकवण समजणे चूक आहे.

विजयानंतर

या विजयाने सिंधच्या तळच्या माणसाचे काय झाले, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. महंमद बिन कासिमने सियाकरला जाटांविषयी विचारले. चचने घातलेल्या जुन्या अटी वजिराने सांगितल्या, आणि नव्या सत्तेने त्या तशाच चालू ठेवल्या. राजा बदलला, राज्याचा धर्म बदलला, पण उघडे पाय उघडेच राहिले. वरच्या वर्गाने विजेत्याशी जुळवून घेतले आणि त्याचे मोल खालच्या वर्गाने दिले.

बौद्धांनाही यात लाभ झाला नाही. त्यांच्यावर इतरांप्रमाणे जिझिया बसला, तरी आरंभी विहार व देवळे राखण्याची मुभा होती. पुढे सागरी आणि खुष्कीचा व्यापार अरब व्यापाऱ्यांकडे गेला. बौद्ध समाज मुख्यतः नगरांतील व्यापाऱ्यांचा होता, त्यामुळे त्याचा आधारच तुटला, असे डेरिल मॅक्लीन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या संशोधनात मांडले आहे. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीला आपल्या ग्रंथासाठी बौद्धमताची माहिती देणारा एकही बौद्ध भेटला नाही.

येथे बाबासाहेबांचे दुसरे एक विवेचन आठवते. 'बुत' हा मूर्तीसाठीचा शब्द 'बुद्ध' या नामापासून आला, हे सांगून त्यांनी इस्लामी आक्रमणांचा आघात स्पष्ट केला. पण त्याचबरोबर ब्राह्मण जन्माने पुरोहित होतो आणि भिक्खू मात्र संघाच्या उपसंपदेने घडतो, म्हणून संघ मोडला की धम्म उभा करणे कठीण जाते, हेही त्यांनी दाखविले. ह्युएन त्संगने पाहिलेला शिथिल संघ सामान्य उपासकांपासून दुरावला होता. विहार गेल्यावर धम्म जपेल असे घर त्याने तयार केले नव्हते.

मीरपूरखास येथील स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये केले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून तेथील भाजक्या मातीच्या सुंदर बुद्धमूर्ती आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आमच्या उपासक-उपासिकांनी आपल्या मुलांना त्या अवश्य दाखवाव्यात. सिंधच्या बौद्धांवरील आरोप ऐकला की मूळ साधनांकडे जावे आणि संपूर्ण पान वाचावे. तसेच आपला संघ आणि आपले उपासक यांच्यात अंतर पडू देऊ नये. सिंधचा इतिहास आपल्याला या दोन्ही गोष्टी शिकवितो.